भट्टीच्या ओट्यावर अक्काची बिस्किटं

बीदरकडच्या चिटगुप्प्याच्या बाजारात शिरलं की भट्टी दिसण्याआधी तिचा वास येतो. तो बिस्किटांचा नसतो, अमोनियाचा असतो. बिस्किटं फुलावीत म्हणून पिठात जी पांढरी पूड घालतात, ती तापली की हा वास सुटतो, आणि भट्टीचं पत्र्याचं दार सरकलं की समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. लहानपणी आम्हाला वाटायचं, भट्टीवाले खाजाभाई दर पाच मिनिटांनी रडतात.

यंदा दिवाळीच्या चार दिवस आधी मी आणि अक्का तिथं गेलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. कलबुर्गीत शाळेत गणित शिकवते. तिच्या हातात ज्वारीच्या पिठाचा डबा होता. माझ्या पिशवीत बिया काढलेला खजूर, काळे मनुके, साल काळी पडलेली चार केळी आणि तूप. साखर नव्हती.

अक्का या भट्टीवर तीसेक वर्षांनी येत होती. वाटेत ती दोनदा म्हणाली, "पीठ देऊन येऊ अन् संध्याकाळी डबा न्यायला येऊ. बसायचं काय काम हाय?"

बसायचंच काम होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बिस्किटं विकत आणायची वस्तू आहे, हे आमच्या गल्लीला फार उशिरा कळलं. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस प्रत्येक घरातून एक बाई डोक्यावर परात घेऊन भट्टीकडे निघायची. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या बायका तशाच निघायच्या. पीठ, तूप, साखर आपली, आग खाजाभाईंची. भट्टी पेटवायला आधी तुराट्या, मग बाभळीची लाकडं. निखारे लाल झाले की खाजाभाई ते एका कडेला ओढायचे आणि बांबूला बांधलेलं ओलं पोतं आतल्या फरशीवरून फिरवायचे. त्या वेळी जो चर्र आवाज व्हायचा, तो ऐकून बाहेरच्या बायका आपापली परात पुढे सरकवायच्या.

सगळ्यांची बिस्किटं गोल, ती मांडून भट्टीत लावायचे पत्रे सगळ्यांचे सारखेच काळे. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली होती. कुणी कच्च्या बिस्किटावर किल्ली दाबायचं, कुणी बांगडीची कड, कुणी कंगव्याचे दात. आमच्या घरची खूण सोड्याच्या बाटलीचं झाकण होती. ते झाकण वर्षभर देवघराच्या फळीवर, कापराच्या डबीशेजारी असायचं. एकवीस दातांचा गोल. मी ते दात पुष्कळदा मोजले आहेत.

भट्टीसमोर शहाबादी फरशीचा ओटा होता. आपला पत्रा निघेपर्यंत बायका त्यावर बसायच्या, आणि तिथला एक रिवाज होता. कुणाचाही पहिला पत्रा बाहेर आला की त्या घरच्या बाईनं गरम बिस्किटं ओट्यावर फिरवायची. सगळ्यांनी घ्यायची. आणि घेतलेल्या प्रत्येकीनं खोड काढायची. नुसतं गोड म्हणून गिळून टाकणं हा तिथं उर्मटपणा समजला जाई.

"तूप घातलीस का नुसता वास दावलीस?"

"अगं, ही भिंतीवर मारली तर भिंत पडंल."

"सासूनं केली की सुनंनं? सुनंनं असंल. सासूचा हात इतका सढळ न्हाई."

या कामात शेजारच्या पार्वतीबाईंचा शब्द शेवटचा. त्या बिस्किटाचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायच्या, डोळे बारीक करायच्या आणि ओटा गप्प व्हायचा. एकदा आमच्या आईच्या बिस्किटाला त्या म्हणाल्या होत्या, "सोडा जास्त झालाय. पोरं ढेकर देत शाळेत जातील." आई दोन दिवस घरात तेच वाक्य हसत हसत सांगत होती. पुढच्या वर्षी तिनं सोडा चिमटीनं मोजून घातला आणि पहिलं बिस्कीट पार्वतीबाईंच्याच हातावर ठेवलं.

अक्का अकरा वर्षांची असताना तिला साखरेचा आजार झाला. कसा झाला, हे घरात कुणी कुणाला विचारलं नाही. त्या वर्षीचं मला आठवतं ते एवढंच: घरात एक थर्मास आला, आणि त्यात चहा नव्हता. त्यात बर्फ आणि इन्शुलिनच्या बाटल्या. आणलेल्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या माठाशेजारी, कोऱ्या मडक्यात ठेवायच्या. काचेची पिचकारी सुईसकट सकाळी पातेल्यात उकळायची. चहाचं पातेलं आणि सुईचं पातेलं शेजारी शेजारी, एकाला विलायचीचा वास, दुसऱ्याला कसलाच नाही.

आणि एक काचेची नळी होती. निळं औषध नळीत घालायचं, त्यात अक्काच्या लघवीचे आठ थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळंच राहिलं तर चांगलं. हिरवं झालं तर बरं. पिवळं, मग नारिंगी, आणि शेवटी भाजलेल्या विटेचा रंग. आम्हा भावंडांना इंद्रधनुष्याचे रंग ओळीनं सांगता यायचे नाहीत. हे रंग यायचे.

पहिल्या दिवाळीला आई म्हणाली, "यंदा बिस्किटं न्हाईत." अक्का म्हणाली, "मग मी जेवणार न्हाई." तेव्हा आईनं वेगळी बिस्किटं करायचं ठरवलं.

आमच्या भागात एक समजूत पक्की होती, अजूनही आहे: साखर म्हणजे पांढरी साखर. गूळसुद्धा साखरेचा भाऊ. पण फळ म्हणजे फळ. देवाच्या नैवेद्याला चालतं, उपासाला चालतं, बाळंतिणीला चालतं. ते आजाऱ्याला कसं बाधेल? आईनं बाजारातून पेंडखजूर आणला. गोणपाटात दाबून दाबून ढेप झालेला, चिकट, मुंग्या लागलेला. ती दुपारभर विळीसमोर बसून त्यातल्या बिया काढत होती. हातांना खजूर, कपाळावर खजूर, वाऱ्यानं उडालेल्या केसांना खजूर. कणकेत मावेल तेवढा तिनं घातला. बिस्किटं काळसर, जड आणि अतिशय चविष्ट झाली. अक्कानं सहा खाल्ली. आई समोर बसून एक एक देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी विटेच्या रंगाची झाली. आईनं औषध शिळं असेल म्हणून नवं घालून पुन्हा धरली. पुन्हा वीट.

बीदरचे डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "बाई, खजूर ही बी साखरच हाय. पोटाला काय ठावं, झाडाची हाय का कारखान्याची?" मग त्यांनी कागदावर लिहून दिलं: ज्वारी, हरभरा, शेंगदाणे जास्त, फळ थोडं, चवीपुरतं, दिवसाला दोन बिस्किटं, आणि दोन खाल्ली तर त्या वेळची अर्धी भाकर कमी. तो कागद आईनं कॅलेंडरच्या खिळ्याला टोचला. बसमध्ये परत येताना ती एकदाच बोलली. "मीच चारले की गं," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर करडईची शेतं होती.

त्यानंतर पुढची दिवाळी येईपर्यंत आमच्या घरात बिस्किटांचाच ध्यास होता. ज्वारीचं पीठ तुपात घट्ट राहीना. भट्टीतून निघायची ती बिस्किटं नव्हे, भुगा. आम्ही तो चमच्यानं खायचो. शेवटी उपाय खाजाभाईंनी सांगितला. ते भट्टीच्या तोंडाशी उभे, लांब दांड्याची फळी खांद्याला टेकवलेली, डोळे पुसत म्हणाले, "अम्मा, तुम भाकर कैसा बनाते? ज्वारीकू गरम पानी होना ना? वैसाच करो. बिस्कुट बी भाकर का पोट्टाच है." म्हणजे बिस्कीट हेही भाकरीचंच पोर.

आईनं पीठ भाजलं, अर्ध्या पिठाला कढत पाणी दिलं, झाकून ठेवलं. त्यात अगदी पिकलेलं केळं कुस्करलं. केळी आम्ही ज्वारीच्या पोत्यात खुपसून पिकवायचो. अजूनही पिकलेल्या केळ्याचा वास आला की मला हाताला ज्वारी लागल्यासारखी वाटते. मनुके वाटून, खजूर पाच-सहाच, बारीक चिरून. डाळव्याचं पीठ. दाण्याचा कूट. बिस्किटं उभी राहिली. फळ लवकर करपतं म्हणून खाजाभाई तो पत्रा सगळ्यांच्या शेवटी, उतरत्या आचेवर लावायचे.

या बिस्किटांवर आईनं झाकणाऐवजी अंगठा दाबला, म्हणजे आमच्या साध्या बिस्किटांत मिसळू नयेत.

"अंगठा कामून?" अक्का म्हणाली. "मी काय अडाणी हाव?"

"मग काय तुझी सही करू?"

"कर की. कन्नडमधी कर."

ती हसत होती. तोपर्यंत हसत होती.

मग ती पहिल्यांदा आपला पत्रा घेऊन ओट्यावर गेली. रिवाजाप्रमाणं गरम बिस्किटं ताटलीत घेऊन प्रत्येकीपुढे उभी राहिली. पहिलीनं हात जोडले. "नको गं माय, तुझ्या औषधाचं हाय. तुला पुरंल, ऱ्हाऊ दे." दुसरीनं ताटली कपाळाला लावली आणि परत दिली. पार्वतीबाईंनी एक कण मोडून तोंडात टाकला आणि ताबडतोब म्हणाल्या, "छान हाय की." डोळे बारीक केले नाहीत. त्याच दुपारी त्यांनी चार घरांच्या बिस्किटांची पुरती वाट लावली होती.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. बायका मायाळू होत्या. आजारी पोरीच्या वाटणीचं खाऊ नये, आणि आजारी पोरीच्या वस्तूला नाव ठेवू नये, इतकं साधं ते होतं. त्या दिवसापासून गल्लीत त्या बिस्किटांना 'औषधाचं बिस्कुट' हेच नाव पडलं. पुढच्या वर्षीही तसंच झालं. अक्का ताटली घेऊन ओट्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची आणि ताटली तेवढीच भरलेली घेऊन परत यायची. घरी आल्यावर तिनं एकदा विचारलं, "आई, माझ्या बिस्किटात काहीच चुकत न्हाई का?"

"चुकत असंल की."

"मग कुणी सांगत कामून न्हाई?"

आई पीठ चाळत राहिली.

त्याच्या पुढच्या दिवाळीला अक्का चौदा वर्षांची होती. त्या वर्षी साधी बिस्किटंही आईनं कणकेची आणि गुळाची केली होती. दोन्हींचा रंग जवळपास सारखा. पत्रे भरायचं काम अक्कानं मागून घेतलं. तिनं सगळ्यांवर झाकणच दाबलं. आपल्या ज्वारीच्या बिस्किटांवरसुद्धा. आणि ती वेगळ्या पत्र्यात न ठेवता साध्यांच्या रांगांत, मधेमधे मांडली.

पत्रा निघाला. मी ताटली फिरवत होते. अक्का ओट्याच्या कडेला, हात पाठीमागं बांधून उभी होती. पार्वतीबाईंनी बिस्कीट उचललं, पुढच्या दातांनी तुकडा तोडला आणि डोळे बारीक केले. ओटा गप्प झाला. अक्काच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते मी नंतर फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं. निकालाच्या यादीत आपला नंबर शोधणाऱ्यांच्या.

त्याच क्षणी आईनं स्वतःच्या हातातलं बिस्कीट मोडलं. आत खजुराचा तुकडा होता.

"हे काय केलीस गं?" आई ओरडली. "कुठलं कोणतं, कसं कळावं आता? गुळाचं खाल्लीस म्हंजे?"

पार्वतीबाईंनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, मग अक्काकडे. "तुझी हायत व्हय ही?" त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "छान हायत की गं."

घरी येऊन आई जमिनीवर डबा ओतून बसली. दोनशेच्या वर बिस्किटं असतील. तिनं एकेकाची कड मोडली, चाखली आणि दोन ढीग केले. गुळाचं इकडे, ज्वारीचं तिकडे. मधेच पाणी प्यायची, चूळ भरायची, पुन्हा चाखायची. त्या दिवाळीत आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कड मोडलेलं बिस्कीट मिळालं. विचारलं तर आई म्हणायची, "उंदरानं खाल्लं."

अक्का त्यानंतर भट्टीवर आली नाही. पीठ मळून द्यायची, प्रमाण दर वर्षी थोडं बदलायची, वहीत लिहायची. पण परात घेऊन मीच जायचे, आणि ओट्यावर मी तिची ताटली फिरवली नाही.

खाजाभाई गेले, भट्टी आता त्यांची सून चालवते. ती डोळ्यांना चष्मा लावून दार सरकवते, तिच्या डोळ्यांत पाणी येत नाही. पार्वतीबाई नाहीत. आईही नाही. स्पिरिटच्या दिव्याचा वास मला आता कुठं येत नाही. तो दिवा, ती नळी, निळं औषध, सगळं इतक्या नकळत गेलं की कोणत्या वर्षी गेलं ते सांगता येणार नाही. अक्काच्या पर्समध्ये पेनासारखी सुई असते, आणि दंडावर साखर मोजणारी एक चकती; आकडे तिला फोनवर दिसतात. आकड्यांना रंग नसतो.

यंदा भट्टीवर फरशीचा ओटा तोच होता. बायका सात-आठ. त्यांच्या पिशव्यांकडे पाहून अक्का थबकली. तिघींकडे ज्वारीचं पीठ होतं. एकीकडे खजुराची पाकिटं.

"कलबुर्गीला मॉलमधी असलंच डब्यात भरून ठेवायलेत," एक बाई म्हणाली. "म्हणलं, आपणच करावं. आमच्या ह्यांना शुगर हाय."

"मलाबी हाय," दुसरी म्हणाली.

परात मागून घेऊन पीठ आम्ही तिथंच मळलं; आमचा पत्रा शेवटी, उतरत्या आचेवर लागला. तासाभरानं निघाला. मला वाटलं अक्का सरळ डब्यात भरेल. पण तिनं पदरानं ताटली पुसली, दहा-बारा बिस्किटं ठेवली आणि ओट्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

सगळ्यांनी घेतली. "बिगर साखरेची हायत न्हवं? मग दे बाई, दोन दे. चालतंय आम्हाला." "लई छान. शुगरला चांगलं." "आम्हाला बी कृती लिहून द्या, टीचर." अक्का मान हलवत होती. तिचा चेहरा मला ओळखीचा होता. ताटली यंदा रिकामी होत होती, आणि चेहरा तोच, भरलेली ताटली परत आणणारा.

टोकाला एक तरुण बाई बसली होती. चिंताकीहून यंदाच लग्न होऊन इथं आलेली, असं नंतर कळलं. तिची परात अजून भरायची होती, हात पिठानं माखलेले. तिनं बिस्कीट घेतलं, खाल्लं, आणि अर्धं हातात धरून म्हणाली, "अक्का, ज्वारी भाजला न्हाईत का?"

"भाजलीय," अक्का म्हणाली.

"कच्ची लागायलीय. अन् मीठ कुठाय? मिठाबिगर केळं नुसतं मऊ लागतंय, गोड लागत न्हाई."

शेजारच्या बाईनं तिला कोपर मारलं. हळू म्हणाली, पण ते आम्हाला ऐकू आलं. "गप गं. त्यांना लहानपणापासून हाय. औषधाचं हाय त्ये."

"औषधाचं असलं म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "तोंडातच घालायचंय की."

ओटा गप्प झाला. मी अक्काकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. मला तिचा आवाज आला. तो शाळेतला आवाज होता, फळ्याकडून मागं वळून विचारतात तसा.

"अर्धा तास भाजलीय मी. मंद आचेवर."

"मग चुकलं की. मंद आचंवर ज्वारी वाळती, भाजत न्हाई."

"तुमच्या चिंताकीत भाजत न्हाई. आमच्यात भाजती."

"तुमच्यात भाजती तर ही अशी कामून लागायलीय?"

आता बायका हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "टीचरला पास करू नको गं." दुसरी म्हणाली, "मीठ मलाबी कमीच वाटलं, पण म्हणलं कशाला बोला." तिसरीनं तूपही कमी असल्याचं सांगून टाकलं. अक्का एकेकीकडे वळून उत्तर देत होती. तूप मोजून आहे. मनुके वाटलेले आहेत, शोधू नका. खजूर जास्त घालायचा नसतो, घालून बघितलाय आम्ही. तिचे कान लाल झाले होते आणि आवाज चढला होता. भट्टीवाल्या खाजाभाईंची सून दार अर्धं उघडं ठेवून ऐकत उभी होती; आतून वाफ येत होती.

डब्यात थोडं पीठ अजून शिल्लक होतं. अक्का त्या चिंताकीच्या बाईच्या शेजारी ओट्यावर बसली, साडीचा पदर खोचला आणि परात पुढे ओढली.

"थोडं मीठ आण गं कुणाकडनं," ती मला म्हणाली. आणि त्या बाईकडे वळून, "किती घालायचं, दाव. न्हाई, चिमटीनं न्हाई. चमच्यानं दाव, मला लिहून घ्यायचंय. अन् तरी बी चव न्हाई आली, तर मग मी बोलणार."